‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ला मराठीत काय म्हणावे?

शाईदौत : एका नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालाचे मराठीकरण करत आहे. ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ या प्रकरणाला मी ‘संस्थेचा कारभार’ असे शीर्षक दिले होते. बँकेने ते खोडून ‘निगमित अभिशासन’ केले. सभासदांना यातून काय बोध होणार?

निरुक्त : काहीही नाही. ‘अभिशासन’ ही हिंदीची उसनवारी आहे. आपल्याकडे शासन म्हणजे एक तर मंत्रालय, नाही तर शिक्षा. ‘कारभार’ हा पेशवाईपासून रुळलेला शब्द सोडू नका.

मोडीवाचक : रुळला खरा, पण कोणत्या अर्थाने? नारायणरावांच्या खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू प्रभृतींनी राघोबादादांविरुद्ध उभारलेली फळी यशस्वी ठरली, तरीही आज ‘बारभाई कारभार’ म्हणजे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसणे. संचालक मंडळाच्या अहवालावर हा शब्द पाहून सभासद हसतील.

खतावणी : हसू द्यावे, अडचण निराळीच आहे. कारभार करतात ते व्यवस्थापकीय संचालक आणि त्यांचे अधिकारी, तर त्यांना जाब विचारण्याची जी व्यवस्था असते ती गव्हर्नन्स. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होता आणि तो झाकण्यासाठी २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवली गेली, असे तपासात पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये या बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीस सहा महिन्यांसाठी अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेने १०० कोटी वा अधिक ठेवींच्या नागरी बँकांना संचालक मंडळाखेरीज वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमण्यास सांगितले. आता दोन्ही मंडळांच्या कामाला ‘कारभार’च म्हणणार काय? माझा कौल ‘कारभार-नियंत्रण’ला.

निरुक्त : ‘नियंत्रण’ म्हटले की रिझर्व्ह बँकच डोळ्यांपुढे येते. सरळ ‘सुशासन’ लिहावे.

खतावणी : सत्यम या संगणक कंपनीला २००८ मध्ये कॉर्पोरेट गव्हर्नन्सचेच गोल्डन पीकॉक पारितोषिक मिळाले होते, जानेवारी २००९ मध्ये खुद्द अध्यक्षांनी ताळेबंद फुगवल्याची कबुली दिली. प्रकरण वाचण्याआधीच ‘सु’ कशाला लावायचा?

मोडीवाचक : त्याच सत्यमच्या मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करणाऱ्यांच्या) कुटुंबातील मेटास कंपन्या विकत घेण्यास मंजुरी दिली होती (रोमन लिपीत ‘सत्यम’ उलटे वाचून पाहावे). मंडळावर ‘स्वतंत्र’, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेले, संचालक होते, पण स्वतंत्र कोणापासून? २०१३ च्या कंपनी अधिनियमाने सूचीबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांत ते किमान एक तृतीयांश असावेत असे ठरवले. तरी मोठा भागधारक प्रवर्तकच असेल तर त्यांची निवड त्याच्याच मतांनी होते. ‘त्रयस्थ संचालक’ हे नाव अधिक प्रामाणिक ठरेल.

शाईदौत : अहवाल छापखान्यात जायचा आहे. शीर्षक काय ठेवू?

निरुक्त : ‘त्रयस्थ’ तर मुळीच नको. त्रयस्थ माणूस भांडणात पडत नाही, आणि संचालकाने पडावे म्हणून तर त्याला नेमतात.

मोडीवाचक : मग लवादाला आपण त्रयस्थ का म्हणतो?