मदत हवी आहे: नवीन फर्नेसनंतर चिमणीत पाणी, वॉटर हीटरच्या पाइपला गंज (मिशिगन)

नमस्कार मंडळी,

आम्ही डेट्रॉइटजवळ फार्मिंग्टन हिल्सला राहतो. घर १९६०च्या दशकातलं, विटांची चिमणी बाहेरच्या भिंतीला. ऑक्टोबरमध्ये जुनी ८० टक्के एफिशियन्सीची फर्नेस (घर तापवणारी गॅसची भट्टी) काढून ९५ टक्केवाली कंडेन्सिंग फर्नेस घेतली, म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी. तिचा धूर पीव्हीसी पाइपातून परस्पर भिंतीबाहेर जातो. चिमणीवर आता एकटा ४० गॅलनचा गॅस वॉटर हीटर उरलाय.

थंडी वाढली तसं हीटरच्या पाइपाच्या सांध्यांवर पांढरी भुकटी दिसू लागली. नखाने खरवडली तर खाली तांबूस गंज. चिमणीच्या तळाचं सफाईचं झाकण उघडलं तर आत ओला चिखल आणि त्यात मातीच्या टाइल्सच्या कपच्या. बेसमेंटमध्ये चिमणीलगतच्या भिंतीला लोणा लागलाय.

वाचून मला समजलं ते असं: एक घनमीटर गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. धूर साधारण ५५ अंश सेल्सियसच्या खाली गेला की ती वाफ चिमणीतच पाणी होऊन ओघळते आणि ते पाणी आम्लधर्मी असतं. आधी फर्नेसच्या धुराने चिमणी गरम राहायची. ८ बाय ८ इंचांची ती पोकळी ताशी ४०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) हीटर एकटा तापवू शकत नाही.

फर्नेस बसवणारा म्हणतो, पाइप बदला, झालं. मला हे अजिबात पटत नाही, नवा पाइपही असाच सडेल. चिमणीवाला म्हणतो, लायनर घाला, म्हणजे चिमणीच्या आत धुरासाठी धातूचा अरुंद पाइप. ॲल्युमिनियमचा घ्यावा की स्टेनलेसचा? हीटर नऊ वर्षांचा आहे, त्यासाठी एवढा खर्च करावा का? शेजारीच वॉशिंग मशीन आहे, ब्लीचचाही संबंध असेल का? आई-बाबा सध्या इथे आहेत आणि त्यांची खोली बरोबर बेसमेंटच्या वर आहे, म्हणून जास्त काळजी वाटते.

प्रतिसाद

ताई, लायनरचं नंतर बघू, आधी कार्बन मोनॉक्साइडचं बघा; चिमणी धूर नीट ओढत नसेल तर हा विषारी वायू घरात पसरतो. आई-बाबांच्या खोलीबाहेर आणि बेसमेंटमध्ये डिटेक्टर आजच लावा. मग दारं-खिडक्या बंद करून कपड्यांचा ड्रायर आणि सगळे एक्झॉस्ट पंखे चालू करा (ते घरातली हवा बाहेर खेचतात), हीटर पेटू द्या आणि पाच मिनिटांनी त्याच्या डोक्यावरच्या टोपीपाशी उदबत्ती धरा. उदबत्तीचा धूर टोपीत ओढला गेला पाहिजे. बाहेर फेकला गेला तर हीटर लगेच बंद.

ब्लीचचा संबंध आहे. त्यातला क्लोरीन ज्वाळेतून गेला की हायड्रोक्लोरिक आम्ल बनतं आणि ते पाइप झपाट्याने खातं. ब्लीच, रंगाचे थिनर बेसमेंटमधून हलवा.

गॅसला ॲल्युमिनियम चालतं, पण बाहेरच्या भिंतीवरच्या चिमणीत मी इन्सुलेशन गुंडाळलेला स्टेनलेसच घेईन. माप गॅस कोडच्या (गॅस जोडणीच्या नियमांच्या) तक्त्यावरून काढायला सांगा. मोठा लायनर घातला तर परत तेच दुखणं. पण नऊ वर्षांच्या हीटरसाठी मी लायनर घालणार नाही. पॉवर व्हेंट हीटर घ्या, चिमणीचा प्रश्नच मिटतो. त्याला आतच पंखा असतो, तो धूर पाइपाने भिंतीबाहेर ढकलतो, त्यामुळे जवळ विजेचा पॉइंट लागेल.

मूळ प्रश्नकर्ती

उदबत्ती धरून पाहिली. एरवी धूर आत जातो, पण ड्रायर चालू केला की खोलीत पसरतो. हीटर बंद केलाय, डिटेक्टर दोन्हीकडे लावले, अंघोळीचं पाणी शेगडीवर तापवतोय. पॉवर व्हेंटचंच ठरवतोय. फर्नेसचा पीव्हीसी पाइप जातो त्याच भिंतीतून हीटरचाही काढता येईल का, की दोन्हींत ठरावीक अंतर लागतं? कुणी मिशिगनमध्ये परमिट काढून हे काम करून घेतलं असेल तर कृपया कळवा.