पूरबचावाची हवा भरायची बोट : दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

कृष्णाकाठ, सांगली
नमस्कार. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. त्यानंतर आमच्या गल्लीतील मंडळाने वर्गणी काढून हवा भरायची एक बोट घेतली. ती पीव्हीसीची असून लांबी ४.२ मीटर आहे, नळ्यांचे तीन कप्पे आहेत, तळाला अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या आहेत आणि मागे १५ अश्वशक्तीचे इंजिन लागते. जुलै २०२१ च्या पुरात तिने उत्तम काम केले. एरवी ती घडी घालून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली असते.

आता उजवा कप्पा संध्याकाळी भरला तर सकाळपर्यंत मऊ पडतो. इंजिन लावायच्या फळीजवळचा जोड वीतभर सुटला आहे. गेल्या पावसाळ्यात सायकलच्या पंक्चरच्या दुकानातून तेथे सोल्यूशन लावून ठिगळ मारून घेतले होते, ते महिनाभरात निघाले. उन्हाळ्यात नळ्या हाताला चिकट लागतात. एका कारागिराने तो जोड आणि कप्पा दुरुस्त करण्याचे ३८ हजार रुपये सांगितले आहेत. तेवढीच नवी बोट इंजिनाशिवाय दोन लाखांच्या पुढे जाते. पैसा लोकांचा आहे, त्यामुळे तो उगाच खर्च करू नये असे निम्म्या सभासदांना वाटते. पण ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, ते आमच्यापैकी कोणीही विसरलेले नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

जोडकाम, मुंबई
आपण वर्णन केलेल्या तीन तक्रारी एकसारख्या गंभीर नाहीत, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासाव्यात.

आधी हवेविषयी. दुपारी ४० अंशांत ०.२५ बार दाबाने भरलेली नळी पहाटे २२ अंशांवर आली, तर हवेचा एक थेंबही न गळता दाब ०.१८ बारच्या आसपास उतरतो. त्यामुळे मोजमाप सकाळी त्याच वेळी, सावलीत, सलग दोन दिवस करावे. तरीही दाब उतरत असेल तर ब्रशने साबणाचे पाणी लावावे आणि सुरुवात व्हॉल्व्हपासून करावी, कारण पुष्कळदा दोष तेथेच सापडतो. वॉशर बदलून किंवा व्हॉल्व्ह पाना लावून घट्ट आवळल्यावर तो दूर होतो. त्यानंतर फक्त उजवा कप्पा भरून शेजारचा रिकामा कप्पा आपोआप फुगतो का, हे पाहावे. तसे झाल्यास दोन कप्प्यांमधला आतला पडदा फाटलेला आहे, आणि ते काम अवघड व महाग असते.

मग संपूर्ण नळीवर फेस लावावा. एका जागी बुडबुडा येत राहिला तर ते साधे छिद्र आहे. त्याच्या चहूबाजूंनी किमान ५ सेंटीमीटर जाईल असे गोल कडांचे ठिगळ लावून ते बुजते. परंतु जेथे ओरखडाही नाही आणि जोडही नाही अशा कोऱ्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे पसरून उमटले, तर कापडावरचा लेपच संपला आहे असे समजावे. त्यावर ठिगळ नाही.

मला खरी काळजी चिकटपणाची वाटते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य उष्णतेने आणि उन्हाने बाहेर येऊ लागते. ते पृष्ठभागावर चिकट लागते आणि जोडांतील गोंदालाही कमकुवत करते. पत्र्याच्या शेडमध्ये सहा उन्हाळे काढलेल्या बोटीचे असे होणे स्वाभाविक आहे. सगळे जोड नखाने हलकेच उचलून पाहा आणि किती ठिकाणी कडा सुटते ते मोजा.

सायकलचे सोल्यूशन रबराच्या ट्यूबसाठी असते, पीव्हीसीवर ते टिकत नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर ते पूर्ण खरवडून, पुसून काढावे लागेल आणि दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद वापरावा लागेल. हे काम पावसाळ्यात करू नये, हवेतील दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली असतानाच करावे. चिकटवल्यावर निदान २४ तास हवा भरू नये, आणि आठवडाभर थांबता आले तर अधिक चांगले.

समुद्रवाट, मालवण
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मागची फळीही लाकडी मुठीने ठिकठिकाणी ठोकून पाहावी. आवाज बद्द आला, किंवा इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांपाशी ओल दिसली, तर आतले प्लायवूड कुजले आहे. आमच्याकडे पर्यटकांसाठी वापरात असलेल्या एका बोटीत नळ्या ठणठणीत होत्या, पण फळी आतून भुसा झाली होती, आणि ते इंजिन सुरू केल्यावरच कळले. सुदैवाने तेव्हा पाणी कमरेएवढेच होते.

कृष्णाकाठ, सांगली
आपणां दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे गेले चार दिवस तपासणी केली. उजव्या कप्प्याची गळती व्हॉल्व्हमधूनच होती. वॉशर बदलल्यावर दाब दोन सकाळी सारखाच राहिला. आतला पडदा शाबूत आहे आणि फळीचा आवाज टणक येतो. कोऱ्या कापडावर कोठेही फेस आला नाही. मात्र जोड नखाने पाहिले तेव्हा सुटलेल्या जागेखेरीज डावीकडे दोन आणि पुढच्या टोकाला एक अशा तीन ठिकाणी कडा उचलली गेली. आता काय करावे?

जोडकाम, मुंबई
त्या तीन जागांनीच उत्तर दिले आहे. सगळे जोड एकाच वेळी, एकाच गोंदाने चिकटवलेले असतात आणि त्यांनी उष्णताही सारखीच सोसलेली असते. ३८ हजारांत एक जोड पक्का होईल, पण पुढच्या वर्षी दुसरा सुटेल, आणि तो शेडमध्ये सुटेल की भर प्रवाहात सहा माणसे बसलेली असताना, हे आपल्या हातात राहणार नाही. हीच बोट तलावात हौसेने वल्हवण्यासाठी असती, तर मी दुरुस्तीच सुचवली असती. पुरासाठी तिच्यावर विसंबू नये. मात्र ती फेकूनही देऊ नका: इंजिन न लावता, संथ पाण्यात, जीवरक्षक जाकिटे घालून नव्या मुलांना चढणे-उतरणे, वल्हवणे आणि बुडणाऱ्यास आत ओढून घेणे शिकवण्यासाठी ती काही काळ उपयोगी पडेल. तिच्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त सरावासाठी’ असे रंगवा, म्हणजे पुराच्या धांदलीत कोणी ती बाहेर काढणार नाही.

नवी घेताना शक्य झाल्यास सीएसएम या कृत्रिम रबराचा लेप असलेल्या कापडाची पाहा. जुने लोक त्याला हायपालॉन म्हणतात. ड्यूपाँटने ते नाव असलेले उत्पादन २०१० मध्ये थांबवले, पण तसे कापड इतरांकडून मिळते. ते महाग असते, परंतु ऊन आणि उष्णता पीव्हीसीपेक्षा पुष्कळ अधिक सोसते. पीव्हीसीच घ्यावी लागली तर जोड गोंदाऐवजी गरम हवेने वितळवून सांधलेले आहेत ना, हे विचारा. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी पत्र्याखाली ठेवू नका. सिमेंटच्या स्लॅबची खोली मिळवा.

कृष्णाकाठ, सांगली
रविवारच्या बैठकीत हेच मांडतो. शाळेच्या तळमजल्यावरची एक खोली मिळण्यासारखी आहे. इंजिन जुनेच वापरायचे आहे, त्यामुळे नव्या बोटीच्या फळीची उंची किती लागेल, एवढे कृपया सांगावे.

समुद्रवाट, मालवण
इंजिनाचा दांडा आखूड असेल तर फळी साधारण ३८ सेंटीमीटर, लांब असेल तर ५१ सेंटीमीटर लागते. जुन्या बोटीची फळी वरच्या कडेपासून तळापर्यंत टेपने मोजा आणि तोच आकडा विक्रेत्याला लेखी कळवा.