‘करमचंद’: जुनं आणि 2007 चं

प्रश्न: आठवड्याभरात दूरदर्शनवरच्या जुन्या ‘करमचंद’ या गुप्तहेर मालिकेचे मिळतील तेवढे भाग बघितले. 1985 साली मी चौथीत होते. शेजारच्या काकूंकडे सतरंजीवर बसून, गाजर खात बघायचे, कारण गुप्तहेर करमचंद खायचा! सोनी वाहिनीवर 2007 मध्ये तो परत आला तेव्हा मी दोन भागांत सोडून दिला. घाई केली का? पुन्हा बघावा का?

प्रतिसाद: जरूर बघा. करमचंद साकारणारे पंकज कपूर तेच, दिग्दर्शक पंकज पराशरही तेच. पण पहिल्या वेळी कपूर तिशीचे होते, दुसऱ्या वेळी पन्नाशी ओलांडलेली. मधे ‘ऑफिस ऑफिस’ मालिकेतला त्यांचा मुसद्दीलाल घराघरांत पोचला होता. मला तर काळ्या चष्म्याआडून मुसद्दीलालच दिसायचा.

प्रतिसाद: माझ्यासाठी प्रश्न किटीचा, करमचंदच्या सहायिकेचा आहे. सुष्मिता मुखर्जीची किटी भाबडी होती, पण तिच्या भाबड्या प्रश्नातूनच करमचंदला धागा सापडायचा. म्हणून त्याचं ते नेहमीचं ‘शट अप किटी’ गोड वाटायचं. नव्यात सुचेता खन्ना होती. मेहनती नटी, पण ते वाक्य आता प्रेक्षक आधीच म्हणून मोकळे होत.

प्रश्नकर्ती: अगदी! काकू तर प्रत्येक ‘शट अप’ला किटीची बाजू घेऊन टीव्हीशी भांडायच्या. दुसऱ्या भागात मला त्यांची फार आठवण आली, म्हणूनच बहुतेक बंद केलं. या रविवारी तिसऱ्यापासून सुरू करते. गाजरं आणलीत.