मदत हवी आहे : जेवणानंतर पोट फुगण्याच्या त्रासाबद्दल

नमस्कार. गेले 2 महिने दुपारच्या जेवणानंतर तासाभरात माझे पोट तटतटून फुगते, कमरेचा पट्टा एक भोक सैल करावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत गुडगुड थांबत नाही. न पचलेली कर्बोदके मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जीवाणू ती आंबवतात व त्यातून वायू तयार होतो, हे वाचल्यापासून मी कडधान्ये रात्रभर भिजवून ते पाणी फेकून देतो, आणि घाईत जेवताना हवाही गिळली जात असल्यामुळे घास सावकाश चावतो. जेवणानंतर 15 मिनिटे चालल्यावर मोकळे वाटते, पण तेवढ्यापुरतेच. दूध 2 आठवडे पूर्ण बंद केले तेव्हा त्रास निम्म्यावर आला. दह्याने मात्र काहीच होत नाही. दुधातील साखर न पचण्याचा हा प्रकार असावा का? शिवाय कांदा, लसूण, गहू हे एकेक करून ज्यांनी वगळून पाहिले आहेत, त्यांनी प्रत्येक पदार्थ किती दिवस बंद ठेवला आणि पुन्हा किती प्रमाणात सुरू केला, हे कृपया सविस्तर सांगावे. वजन घटणे, शौचावाटे रक्त जाणे किंवा ताप यांपैकी काही नाही. असते तर येथे विचारत न बसता थेट डॉक्टरांकडे गेलो असतो.