जुनी ब्युइक चॅरिटीला द्यावी का? टॅक्समध्ये खरंच काही सुटतं का?

एडिसनचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या न्यू जर्सीतून लिहितोय, सल्ला हवाय. आमच्याकडे २००४ ची ब्युइक लसेबर आहे, १ लाख ४८ हजार मैल झालेत. शेजारच्या आजोबांनी गाडी चालवणं सोडलं तेव्हा त्यांच्याकडून घेतलेली. पुढे सोफ्यासारखी सलग सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पोरं तिला जहाज म्हणतात आणि पार्क करताना मलाही तसंच वाटतं. चालते मस्त, हायवेवर तर पोटातलं पाणी हलत नाही, पण कूलंट कुठूनतरी गळतंय, एसी मेलाय आणि ड्रायव्हरची काच खाली गेली की वर यायला नाटकं करते. आता हायब्रिड घेतली, ड्राइव्हवेत जागा नाही, आणि हिचा इन्शुरन्स उगाच भरतोय.

डीलरने ट्रेड-इनचे (जुनी देऊन नवी घेताना) ३०० डॉलर सांगितले, म्हटलं ठेव तुझ्याकडेच. सारख्या जाहिराती ऐकतो की गाडी दान करा, फुकट टो करून नेऊ, टॅक्स वाचवा. केली ब्लू बुकवर (जुन्या गाड्यांचे भाव सांगणारी साइट) प्रायव्हेट पार्टीचा, म्हणजे स्वतः थेट विकायचा, भाव १८०० च्या आसपास दिसतो, तर हे १८०० डॉलर टॅक्समधून वजा होतात का? बायको म्हणते दे आणि सुट. सासूबाई म्हणतात (त्या दर वर्षी सहा महिने येतात) की गुडघ्यांना झेपणारी ही एकच गाडी आहे, देऊ नका. कुणी दिलीय का?

आकडेमोडताई

१८०० विसर भाऊ. हा गैरसमज २००५ पासून चालू आहे, कारण तोपर्यंत लोक खरंच पुस्तकातला भाव लावायचे आणि खटारा गाड्यांवर मोठमोठी वजावट घ्यायचे, मग २००४ च्या कायद्याने ते बंद केलं. आता संस्थेने गाडी जेवढ्याला विकली तेवढीच वजावट, म्हणजे टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून तेवढेच वजा. बहुतेक संस्था गाडी स्वतः बघतही नाहीत, मधली कंपनी उचलते, ऑक्शनला टाकते, आपला खर्च आणि वाटा कापून उरलेलं संस्थेला देते. समज तुझी गाडी ऑक्शनमध्ये ६२० ला गेली तर तुला ६२० ची वजावट, आणि तसा १०९८-सी फॉर्म (संस्थेकडून मिळणारा दाखला) विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा. ५०० किंवा त्याहून कमीला गेली तर ५०० किंवा बाजारभाव, यातलं जे कमी ते लावता येतं. जाहिरातवाले जो ५०० चा आकडा ओरडून सांगतात तो हाच.

आणि हे सगळं कधी? तू आयटमाइझ करत असशील, म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेत असशील तर. २०२५ ला नवरा-बायको मिळून स्टँडर्ड डिडक्शन (खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट) ३१,५०० होतं. त्याच्या वर जात नसशील तर गाडी दान करून टॅक्समध्ये शून्य मिळणार, भोपळा. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स भरतोस म्हणजे कदाचित जातही असशील, स्टेट आणि लोकल टॅक्सच्या वजावटीची मर्यादा २०२५ पासून १० हजारांवरून ४० हजार केलीय, त्यामुळे आमच्या ओळखीतले बरेच जण परत आयटमाइझ करायला लागलेत. पण गेलास तरी तुझा टॅक्सचा दर २२ टक्के धरला तर ६२० वर फार तर १३६ डॉलर सुटतील. एवढ्यासाठी हिशोब करत बसू नकोस. द्यायचीच तर द्यायचीय म्हणून दे.

एडिसनचा_पाहुणा

बाप रे, १३६! आम्ही आयटमाइझ करतच नाही, घर २०१२ ला घेतलंय, मॉर्गेजचं व्याज आता किरकोळ राहिलंय. म्हणजे भोपळाच. मग लोक देतात कशाला?

आकडेमोडताई

कारण टो फुकट असतो आणि अनोळखी माणूस घरी येऊन टायरला लाथ मारत नाही, बस एवढंच. त्यालाही किंमत आहे, मी नाकारत नाही.

पण तुझ्यासाठी एक वाट सांगते. २०२६ पासून आयटमाइझ न करणाऱ्यांनाही रोख दानाची वजावट आहे, एकट्याला १००० पर्यंत आणि जोडप्याला २००० पर्यंत. फक्त रोख हं, म्हणजे चेक, कार्ड वगैरे. गाडी, कपडे, फर्निचर त्यात येत नाही. तर गाडी स्वतः विक, समज १५०० आले, तो चेक तुला पटेल त्या संस्थेला दे. संस्थेला १५०० च्या १५०० मिळतील, मधे कुणी वाटेकरी नाही, आणि तुला १५०० ची वजावट. घरातली गाडी घेतल्यापेक्षा कमीला विकली तर त्यावर टॅक्स लागत नाही. संस्थेकडून पोच मात्र लेखी घे, २५० किंवा त्याहून जास्त दानाला ती लागतेच.

तेलकट_हात

ताईंना अनुमोदन. फक्त गळतंय तशी विकू नकोस. हिचं इंजिन ३८०० व्ही-सिक्स आहे ना, ३.८ लिटरचं? मग मला इथे बसून सांगता येतं कुठून गळतंय ते. बेल्ट टेन्शनरच्या ब्रॅकेटजवळ दोन प्लॅस्टिकचे कोपरे आहेत, कूलंटचे एल्बो, ते उष्णतेने बिस्किटासारखे होतात. पार्ट दहा-पंधरा डॉलरचा. बदलताना जुना हात लावल्या लावल्या तुटेल, तुकडे आत राहतात ते नीट खरडून काढायचे, घाई करायची नाही. मी तीन गाड्यांचे बदललेत, प्रत्येक वेळी शिव्या घातल्यात, पण शनिवारच्या दुपारीत होतं. कोपरे ठीक असतील तर मग इनटेकची गॅस्केट बघ, ते काम जरा मोठं आहे. बाकी ते इंजिन मरत नाही, बॉडी आधी गंजते.

एसीला हात लावू नकोस, तेवढे पैसे परत येत नाहीत. काचेचा घोटाळा बहुतेक रेग्युलेटरचा, म्हणजे काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, तो बदल, कारण बघायला आलेला माणूस पहिली काच खाली करतो.

आणि ऑक्शनला अशा मोठ्या जुन्या सेडानला कुणी विचारत नाही, सगळ्यांना एसयूव्ही हवी. बंद पडलेली असेल तर थेट भंगारात वजनावर जाते. चालू, न गळणारी, कागद साफ असलेली लसेबर मात्र पहिली गाडी शोधणारा विद्यार्थी डोळे झाकून घेतो.

बॉल्टिमोरकर

थोडं वेगळं सांगतो. टॅक्स बाजूला ठेवला तर सगळ्या संस्था सारख्या नाहीत. काही गाडी विकत नाहीत, दुरुस्त करून गरजू कुटुंबाला देतात, फुकट किंवा नाममात्र पैशात. आमच्याकडे मेरीलँडला व्हेइकल्स फॉर चेंज आहे, १९९९ पासून, त्यांच्या गराजमध्ये तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांना मेकॅनिकचं काम पण शिकवतात. वरमाँटला गुड न्यूज गराज आहे. जिथे बस नाही तिथे कामावर जायला गाडी नसली की नोकरीच नसते, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

गंमत म्हणजे अशी गाडी गरजूला दिली तर नियमात अपवाद आहे, विक्रीची किंमत नाही तर पूर्ण बाजारभाव लावता येतो (आयटमाइझ करणाऱ्यालाच, म्हणजे तुला नाही). आधी फोन करून दोन प्रश्न विचार. माझी गाडी कुणाला देणार की विकणार, आणि विकली तर संस्थेच्या हातात किती पडतात. दुसऱ्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर फोन ठेव. संस्थेचं नाव आयआरएसच्या (अमेरिकेचं टॅक्स खातं) साइटवर शोधून बघ, नोंदणी असलेली संस्था दिसते. मी विचारलं तेव्हा एकाने उत्तराऐवजी हॉटेलचं फुकट व्हाउचर देऊ केलं. व्हाउचर घेतलं तर त्याची किंमत दानातून वजा करावी लागते, ते त्याने सांगितलं नाही.

सगळीकडे २००४ ची घेतीलच असं नाही, वय आणि दुरुस्तीचा खर्च बघतात. धर्माची गाय अन् दात का नाय असं त्यांना म्हणू नकोस म्हणजे झालं.

हडसनकाठी

ताई आणि बॉल्टिमोरकर दोघांचं बरोबर, पण कागदांचं कुणी बोललं नाही, आणि माझा तिथेच घोटाळा झाला. दोन वर्षांपूर्वी कॅमरी दिली, टोवाला आला, टायटलवर (गाडीच्या मालकीचा कागद) सही घेतली, पण घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवायला सांगितलं आणि मी येड्यासारखं ठेवलं. नंबरप्लेटही तशाच लावून दिल्या. चार महिन्यांनी टोलची बिलं यायला लागली, नंतर पार्किंगचं तिकीट. गाडी कुणीतरी माझ्या नावावरच फिरवत होतं. निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

तर टायटलवर घेणाऱ्याचं नाव तुझ्यासमोर भरलं गेलं पाहिजे, दोन्ही बाजूंचे फोटो काढ. न्यू जर्सीत प्लेट आपल्या असतात, काढून घ्यायच्या, मोटर व्हेइकल खात्याला परत करायच्या, पावती ठेवायची, आणि मगच इन्शुरन्स बंद करायचा, उलट्या क्रमाने नाही. कॅलिफोर्नियातल्या चुलतभावाने सांगितलं म्हणून मी प्लेट सोडल्या होत्या, तिकडे प्लेट गाडीबरोबरच जातात. राज्य बदललं की नियम बदलतो हे डोक्यातच आलं नाही.

एडिसनचा_पाहुणा

तेलकट_हात, कोपराच निघाला! शनिवारी उघडलं, हात लावला तर खरंच बिस्किट. तुकडा काढता काढता दोन तास गेले. आता गळत नाही, काचही वर येतेय.

बॉल्टिमोरकर, गरजूंना गाड्या देणाऱ्या आमच्याजवळच्या एका संस्थेला फोन केला, त्यांना वीस वर्षांपेक्षा जुनी नको. मग विकायचं ठरवलं, चेक फूड बँकेला. बायको खूश. सासूबाई पुढच्या महिन्यात येतायत, त्यांना अजून सांगितलेलं नाही, हिंमत होत नाहीये.

तेलकट_हात

शाब्बास. सासूबाईंना हायब्रिडमध्ये जाड उशी दे.

हडसनकाठी

विकतानाही टायटल आणि प्लेटचं तेच सगळं लागू. टोल भरायचा ई-झीपासचा टॅग काचेवरून काढ. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या, ऊन अडवायच्या झडपेत गराजच्या दाराचं बटण असेल तर त्याची मेमरी पुसून टाक, नाहीतर विद्यार्थ्याला तुझ्या घराचं दारही उघडता येईल.