अनुभव धागा: स्वस्तातले रेट्रो स्निकर, घेऊ की नको?

रामबागवाली:
काल माळा आवरताना माझे शाळेतले पांढरे पीटीचे बूट सापडले, शुक्रवारी धुऊन ओला खडू फासायचा आणि शनिवारी ग्राउंडवर पहिल्या दहा मिनिटांत वाट. आणि आज लेक म्हणतो तसलेच "रेट्रो" हवेत, खाली चॉकलेटी रबर, बाजूला पट्ट्या, दोन हजारांत. कॉलेजला गाडीवरच जातो. तुमचे अनुभव सांगा बरं.

भिया_इंदूरवाले:
अनंत चतुर्दशीला नवेकोरे घालून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे बघायला गेलो, पहाटेपर्यंत पायांचे पार पोहे. सपाट सोल, आत स्पंज नावाला. आता फक्त ऑफिस आणि छप्पन दुकानला खायला जाताना, तिथे झकास दिसतात.

सराफा_रात्री११:
पोहे झाले तर जीरावन मसाला घातलात की नाही वरून, हाहा

खजुरी_बाजार:
माझी गंमत वेगळी. तीन वर्षं डब्यात जपले, साल्याच्या वरातीत काढले आणि नाचता नाचता सोलचा भुगा, मागे चुरा सांडतोय. दुकानदार म्हणे पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचा सोल हवेतल्या दमटपणानं आपोआप कुजतो, न वापरता ठेवला तरी. रबराचं एवढं नसतं. सासरी अजून चिडवतात.

माळव्याचा_माणूस:
ताई, सोलच्या कडेची शिलाई नखानं उचकून बघा, स्वस्तात पुष्कळदा दोरा नसतोच, साच्यातला ठसा असतो आणि सगळं नुसतं चिकटवलेलं. हे ज्याची नक्कल असतात तो आदिदासचा सांबा बूट मूळचा जर्मनीत गोठलेल्या मैदानावर फुटबॉल खेळायला काढलेला, म्हणून तो रबरी तळ. माझ्या नकलेत रंग तेवढा चॉकलेटी निघाला, सोल कडक, जिन्याच्या ओल्या फरशीवर सरळ आपटलो. आणि वरून सुएड, म्हणजे मऊ लवदार चामडं असेल तर पावसाळ्यात विसराच.

नातवंडांची_आजी:
टाच दुखत असेल तर असले सपाट नकोत, माझ्या डॉक्टरांनी बंद केलेत. मोठं झालंय हो माळ्याचं काम, माझाही राहिलाय. कुकर झाला, येते.

भिया_इंदूरवाले:
आजी, आमच्याकडे पण या माळा आवरायला

रामबागवाली:
गाडीवरच जायचं तर चालतील वाटतंय. संध्याकाळीच नेते राजवाड्याकडे, दिवसभरानं पाय जरा सुजलेले असतात, माप बरोबर कळतं. शिलाई बघते नक्की.

सराफा_रात्री११:
पण ते माळ्यावरचेच द्या ना त्याला, अस्सल रेट्रो!

रामबागवाली:
चार नंबर आहेत हो, त्याला नऊ लागतो. नाहीतर धागा कशाला काढला असता.