वसिष्ठाचे चार तारे कसे कळले

तोरणमाळला दुर्बिणीतून सप्तर्षीतल्या वसिष्ठ ताऱ्याचे दोनच ठिपके दिसले, मग चार तारे कुठून आले, असं वर विचारलंय. भाऊ, तो प्रत्येक ठिपका म्हणजेच एक जोडी आहे, पण इतकी जवळ की आपल्या दुर्बिणीत फुटतच नाही, तिथे वर्णपटच (ताऱ्याचा प्रकाश रंगांमधे पसरवून मिळणारा पट्टा) लागतो. 1889 मधे हार्वर्ड वेधशाळेच्या खगोलशास्त्रज्ञ पिकरिंगना मोठ्या ठिपक्याच्या वर्णपटात कॅल्शियमची के रेघ (कॅल्शियममुळे पट्ट्यात पडणारी काळी रेघ) काही फोटोच्या काचेच्या प्लेटांवर दुहेरी आणि काहींवर एकेरी दिसली (यात त्यांची सहकारी अँटोनिया मॉरीचं नाव घेतलंच पाहिजे, प्लेटांवर डोळे ताणून बसायची ती). आपल्याकडे येणाऱ्या ताऱ्याची रेघ निळ्याकडे सरकते, लांब जाणाऱ्याची तांबड्याकडे, आणि दोघं आडवे चालले की रेघा एकावर एक बसतात, हे चक्र साधारण साडेवीस दिवसांचं. सरकण्यावरून वेग आणि दोघांच्या वेगांवरून वस्तुमानांचं गुणोत्तर निघतं. कक्षा किती कललीय ते मात्र यातून कळत नाही, त्याला इंटरफेरोमीटरच (अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून बारीक तपशील दाखवणारं यंत्र) लागतो.